मोठे टायर टाकले आणि ॲव्हरेज पडलं? आधी मीटर तपासा, मग ड्रायव्हरला बोला

आमच्या सोलापुरात दर महिन्या-दोन महिन्याला कुणीतरी पिकअपला मोठे टायर टाकतो आणि पंधरा दिवसांत बोंबलत येतो की ॲव्हरेज पडलं. मग कुणी पंपाला शिव्या घालतो, कुणी इंजिनचे नोझल साफ करून घेतो, आणि बरेच जण सरळ ड्रायव्हरवर घसरतात. मी पण तेच केलंय. कांद्याच्या सीझनच्या तोंडावर २१५ चे टायर काढले, २३५ चे टाकले, आणि वहीत लिटरला १३ किलोमीटरचं ॲव्हरेज ११.९ वर आलं. मामांना (आमचे ड्रायव्हर, वयानं मोठे आहेत म्हणून मामा) मी जरा आडूनच विचारलं की डिझेल कुठं जातंय. मामा तंबाखू मळत म्हणाले, "मालक, पुण्याला जाऊन आलो की आता मीटरवर तीस किलोमीटर कमी पडायलेत. रस्ता आखडला का काय?"

तिथं डोक्यात लाईट लागली. डिझेल थोडं जास्त जात होतंच, पण वहीतला निम्म्याहून जास्त तोटा खोटा होता, तो मीटरचा होता.

हे मी एकदाच नीट लिहून ठेवतोय. आकडे माझ्या पिकअपचे आहेत, पण हिशोब छोटा हत्तीपासून सहा चाकीपर्यंत सगळ्यांना तोच लागतो. क्रम मात्र बदलू नका, कारण बहुतेकांचं चुकतं ते क्रमातच.

## तयारी: टायरवाल्याकडं जायच्या आधी

जमा करा: ३० मीटरचा टेप (बांधकामवाल्याकडं मिळतो), खडू, स्वतःचं हवेचं गेज, मोबाईलमध्ये अंतर मोजणारं जीपीएसचं ॲप, एक वही, आणि गाडीचं मॅन्युअल. मॅन्युअलमधून दोन गोष्टी वहीत उतरवा. एक, क्राऊन-पिनियनचा (मागच्या ॲक्सलमधल्या मोठ्या-छोट्या गिअरच्या जोडीचा) रेशो, आणि दोन, टॉप गिअरचा रेशो. मॅन्युअल हरवलं असेल तर मिस्त्रीला दात मोजायला सांगा, क्राऊनचे ४१ आणि पिनियनचे १० असतील तर ४१ भागिले १० म्हणजे ४.१. बऱ्याच गाड्यांना हौसिंगवर (ही जोडी ज्या डब्यात असते त्यावर) पत्र्याची छोटी पट्टी असते, तिच्यावर पण लिहिलेलं असतं, फक्त ग्रीस-माती पुसून बघावं लागतं.

पंपाजवळचं हवेचं मशीन काय दाखवतं त्यावर जाऊ नका. गेज स्वतःचं पाहिजे आणि कायम तेच एक वापरायचं.

## टप्पा १: जुने टायर काढायच्या आधी जुनी माहिती घ्या

हा टप्पा सगळे विसरतात, मी पण विसरलो होतो, मग जुने टायर भंगारवाल्याकडनं परत आणून, बसवून मोजलं. लाज वाटली पण केलं.

सकाळी गाडी उभी असताना, टायर थंड असताना, मॅन्युअलप्रमाणं हवा भरा. गाडी सपाट जागेवर आणा, नेहमीचा माल असेल तर मालासकट. मागच्या टायरवर जमिनीला टेकतो तिथं खडूची रेघ मारा, तिथंच जमिनीवर पण एक रेघ मारा, आणि गाडी अगदी हळू सरळ पुढं घ्या. चाकाचे बरोबर पाच फेरे झाले की परत जमिनीवर रेघ. दोन्ही रेघांमधलं अंतर टेपनं मोजा. माझ्या झिजलेल्या २१५ च्या टायरचं आलं १०.५० मीटर, म्हणजे एका फेऱ्याला २.१० मीटर.

एकच फेरा मोजला तर चूक जास्त धरली जाते, पाच घेतले की ती वाटली जाते. आणि चाक उचलून नुसतं टायरभोवती टेप गुंडाळून मोजू नका, वजनाखाली टायर दबतो, त्यामुळं रस्त्यावर पडणारा फेरा नेहमी थोडा कमी असतो.

मग याच जुन्या टायरवर हायवेला ५० किलोमीटर जाऊन या. सोलापूरच्या टोकाला बाळे लागतं, त्याच्या पुढं पुणे हायवे लागला की टेंभुर्णीच्या दिशेनं एका दमात अंतर मिळतं. जीपीएसवर ५० होतील तेव्हा गाडीचं मीटर काय म्हणतं ते लिहा. माझं ५१ दाखवत होतं.

तपासा: वहीत आता तीन गोष्टी पाहिजेत, पाच फेऱ्यांचं अंतर, खरे ५० ला मीटरचे किती, आणि जुन्या टायरवरच्या किमान तीन टाक्यांचं ॲव्हरेज. तिसरी नसेल तर टायर बदलायची तारीख पुढं ढकला. खरंच ढकला. नंतर तुलना करायला काहीच हातात राहत नाही आणि मग भांडणं होतात.

## टप्पा २: टायरवरचा आकडा वाचा आणि फरक काढा

२१५/७५ आर १५ म्हणजे टायर २१५ मिलिमीटर रुंद, बाजूची भिंत रुंदीच्या ७५ टक्के, आणि रिम १५ इंची. उंची काढायची तर भिंत दोनदा धरायची, वर एक आणि खाली एक, आणि त्यात रिम मिळवायची (एक इंच म्हणजे २५.४ मिमी).

२१५ चा: २१५ × ०.७५ × २ = ३२२.५, अधिक ३८१, एकूण ७०३.५ मिमी.
२३५/७५ आर १५ चा: ३५२.५ अधिक ३८१, एकूण ७३३.५ मिमी.

फरक सव्वाचार टक्के. आता इथं लोक फसतात. हा फरक नव्या टायर टू नव्या टायरचा झाला. तुमचे जुने टायर झिजलेले होते ना? सात मिलिमीटर गोटी (टायरवरची नक्षी) झिजली तर उंची चौदा मिलिमीटरनं कमी होते, म्हणजे ७०३.५ चा टायर ६८९.५ वर आलेला असतो. त्याच्या जागी ७३३.५ चा आला की फरक सव्वाचार नाही राहत, सहा टक्क्यांच्या वर जातो. मामांचे ते तीस किलोमीटर इथंच गेले होते, जाऊन-येऊन पाचशेच्या आसपासच्या फेरीत सहा टक्के म्हणजे तीसच होतात.

मोठ्या ट्रकवाल्यांसाठी एक गोष्ट. १०.०० आर २० काढून २९५/९० आर २० टाकला तर उंचीत फरक एखाद्या टक्क्याचाच पडतो, तिथं ॲव्हरेज बदललं तर कारण डिझाईन, हवा नाहीतर लोडमध्ये शोधा, साईजमध्ये नाही.

## टप्पा ३: बसतो का आणि पेलतो का

हा भाग छोटा आहे पण पैसे यात बुडतात.

- मॅन्युअलमध्ये कंपनीनं हा साईज पर्याय म्हणून दिलाय का बघा. दिला नसेल तर इन्शुरन्सच्या क्लेमला आणि पासिंगला कटकट होऊ शकते, हे आधीच धरून चाला.
- लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा टायरवरचा आकडा) जुन्यापेक्षा कमी नको. रुंद दिसला म्हणजे जास्त वजन पेलतो असं नसतं.
- रिमची रुंदी त्या टायरला चालते का, हे टायरच्या कंपनीच्या तक्त्यात बघा.
- स्टेअरिंग पूर्ण डावीकडं, पूर्ण उजवीकडं वळवून, गाडी लोड करून, टायर मडगार्डला किंवा पाट्याला घासतो का बघा. रिकाम्या गाडीवर बघून काही उपयोग नाही.
- मागं जोडीचे टायर असतील तर दोघांच्या मध्ये जागा राहते का बघा. जोडीत दोन टायर एकमेकांना घासले तर तापून फुटतात.

थांबा: एकाच ॲक्सलवर एका बाजूला नवा मोठा आणि दुसऱ्या बाजूला जुना छोटा, असं एक दिवससुद्धा चालवू नका. डिफरन्शियल (वळणावर दोन चाकं कमी-जास्त फिरू देणारे गिअर) मग सरळ रस्त्यावर पण सारखं फिरत राहतं आणि गरम होतं. फोर बाय फोर असेल तर पुढं-मागं पण एकच साईज पाहिजे. आणि स्टेपनी! चार टायर २३५ चे आणि स्टेपनी २१५ ची ठेवणारे ढीगभर आहेत. मागचं पंक्चर झालं तर ती पुढं लावा आणि पुढचा मोठा मागं घ्या, म्हणजे निदान मागच्या ॲक्सलला जोडी तरी सारखी राहील, आणि हळू चालवत पहिलं पंक्चरचं दुकान गाठा. फोर बाय फोरला मात्र ही जुगाड चालत नाही, तिला स्टेपनी त्याच साईजची घ्याच.

## टप्पा ४: गिअरवर काय झालं ते काढा

मोठा टायर म्हणजे गाडीला न सांगता गिअर लांब केल्यासारखं आहे, इंजिनच्या तेवढ्याच फेऱ्यात गाडी जास्त पुढं जाते पण जोर कमी पडतो. जुना रेशो गुणिले जुनी उंची भागिले नवी उंची: ४.१ × ७०३.५ ÷ ७३३.५ = ३.९३. म्हणजे डब्यात क्राऊन ४.१ चाच आहे, पण चाकाला जोर ३.९३ वाल्या गाडीइतका पोचतो.

याचा इंजिनच्या फेऱ्यावर काय परिणाम होतो ते बघा. खऱ्या ७० च्या वेगाला, टॉप गिअर ०.८ चा धरला तर २१५ च्या नव्या टायरवर इंजिन साधारण १७८५ आरपीएमला (मिनिटाला तेवढे फेरे) फिरतं, २३५ वर १७१०. सपाट रस्त्यावर हे चांगलंच आहे. कमी फेरे आणि प्रत्येक फेऱ्याला थोडा जास्त लोड, डिझेल इंजिनला हे मानवतं, म्हणून हैदराबाद रोडला एका वेगात चालवणाऱ्याचं ॲव्हरेज पडत नाही, क्वचित थोडं वाढतं पण.

पण तीच गाडी टॉपमध्ये ५० वर आली की आरपीएम १२२० च्या आसपास येतो, टर्बोचा जोर तिथं नीट लागत नाही, इंजिन ठोकायला लागतं. ड्रायव्हर एकतर पाय दाबतो नाहीतर गिअर खाली घेतो, दोन्हीत डिझेल जातंच. तुळजापूरचा घाट लोडवर चढताना मामा आधी चौथ्यावर जिथवर ओढायचे तिथं आता अलीकडंच तिसरा टाकतात, हे मी शेजारी बसून बघितलं. गिअर लांब झालेला असतो आणि घाट काही लांब होत नाही.

तपासा: तुमच्या महिन्याच्या फेऱ्या मोजा. किती किलोमीटर एका वेगातला हायवे आहे, किती घाट, किती गावातलं थांब-चल. मार्केट यार्ड, सात रस्ता, एमआयडीसी असं दिवसभर गावातच फिरणाऱ्या गाडीला मोठ्या टायरचा फायदा शून्य आहे, कारण जड चाक दर सिग्नलला नव्यानं फिरवायचं आणि परत ब्रेक मारून थांबवायचं, ते डिझेल गेलं ते गेलंच.

## टप्पा ५: टायर बसवल्यावर मीटरचा गुणक काढा

टायर बसवले, अलाइनमेंट केली, थंड टायरला हवा भरली. नव्या साईजची हवा किती ते लोडप्रमाणं ठरवा, जुना आकडा डोळे झाकून भरू नका. उन्हाळ्यात दुपारी हवा जास्त दाखवते म्हणून काढायची तर अजिबात नाही, सकाळी टायर थंड झाल्यावर ती कमी पडते आणि मग टायर मऊ राहून डिझेल खातो.

दोनशे-तीनशे किलोमीटर चालवा आणि टप्पा १ परत करा. पाच फेरे माझे ११.१७ मीटर आले. आणि हायवेला खरे ५० झाले तेव्हा मीटर ४८ वर होतं.

गुणक म्हणजे खरं अंतर भागिले मीटरचं अंतर. नव्यासाठी ५० ÷ ४८ = १.०४२. जुन्यासाठी ५० ÷ ५१ = ०.९८.

आता माझा हिशोब बघा:

जुनं ॲव्हरेज वहीत १३, खरं १३ × ०.९८ = १२.७४.
नवं ॲव्हरेज वहीत ११.९, खरं ११.९ × १.०४२ = १२.४.

वहीत फरक १.१ चा दिसत होता. खरा फरक एक तृतीयांश किलोमीटर. मी मामांना एवढ्यासाठी बोललो होतो.

थांबा: मीटर मागं असेल तर स्पीड पण खोटा असतो. काट्यावर ८० असताना गाडी ८३ च्या पुढं असते, हायवेच्या कॅमेऱ्याला तुमचा टायर कुठला ते माहीत नसतं. आणि त्याच ब्रेकवर मोठं चाक थांबवायला थोडा जास्त पाय लागतो, रिकाम्या रस्त्यावर दोन-चार वेळा ब्रेक मारून अंदाज घ्या.

## टप्पा ६: टाकी टू टाकी, तीन वेळा

एकदा मोजून काही कळत नाही. एक टाकी पुण्याची, एक अक्कलकोटची, आणि म्हणायचं ॲव्हरेज पडलं, याला हिशोब म्हणत नाहीत.

एकच पंप, तेच नोझल, गाडी त्याच बाजूनं उभी. नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडलं (पहिला कट) की थांबायचं. गाडी हलवून, फेस बसवून वरपर्यंत भरायची सवय सोडा, एकदा दोन लिटर जास्त बसले की चाळीस लिटरच्या हिशोबात पाच टक्के फरक तिथंच पडला, म्हणजे टायरच्या खऱ्या फरकाच्या दुप्पट. किमान ५०० किलोमीटर, जाऊन-येऊन त्याच रस्त्यानं, म्हणजे चढ-उतार आणि वारा फिटतात. वजनकाट्याची पावती वहीला पिनअप करा, लोड सारखाच पाहिजे. वेग पण जुना ठेवा, नवे टायर आले की ड्रायव्हरचा हात आपोआप मोकळा सुटतो, आणि ६५ चे ८० केले तर वारा जो डिझेल खातो त्याला टायर काय करणार.

मीटरचे किलोमीटर गुणिले गुणक, भागिले लिटर. तिन्ही वेळचे आकडे लिहा आणि एकदम वेगळा येणारा आकडा असेल तर चौथी टाकी घ्या.

## टप्पा ७: खरंच पडलं असेल तर कारण शोधा

गुणक लावून पण दोन-तीन टक्के पडलं तर मोठ्या टायरला ते धरून चालायचं. त्याच्यावर गेलं तर या क्रमानं बघा, स्वस्तापासून महागाकडं: हवा, मग अलाइनमेंट, मग ब्रेक चिकटतात का (वीस किलोमीटर चालवून चारही चाकांच्या ब्रेकजवळ हात न्या, एक जास्त तापलेला लगेच कळतो, हात लावू मात्र नका), मग टायरचं डिझाईन. हायवेच्या गाडीला बटनचे (सुट्या मोठ्या गोट्यांचे) टायर लोक केवळ दिसायला टाकतात. त्या गोट्या रस्त्यावर दबतात-सुटतात, आवाज करतात, आणि तो सगळा जोर टाकीतनंच येतो. उसाच्या फडातनं चिखलात गाडी काढायची असेल तर बटन पाहिजेच, पण टॉवेलच्या गाठी घेऊन पुण्याला जायचं तर साधा रिब (सरळ पट्ट्यांचा) बरा. वरनं गाडी उचलून उंच केली असेल तर वारा पण जास्त लागतो, ते वेगळंच.

## टप्पा ८: क्राऊन-पिनियन बदलायचा का

इथवर सगळं करून, घाटात आणि लोडवर गाडी ओढतच नसेल, दिवसातनं निम्मा वेळ खालच्या गिअरवर जात असेल, तरच हा विचार करा. नुसत्या ॲव्हरेजसाठी करू नका, चार टक्क्यांच्या टायरफरकाला हौसिंग खोलायचा खर्च निघता निघत नाही.

कुठला रेशो पाहिजे? जुना रेशो × नवी उंची ÷ जुनी उंची, म्हणजे ४.१ × ७३३.५ ÷ ७०३.५ = ४.२७. बाजारात नेमका तोच मिळत नाही, जवळचा ४.३ (४३ आणि १० दात) तुमच्या हौसिंगला मिळतो का ते आधी विचारा. ४.५६ टाकला तर जोर भरपूर, पण हायवेला इंजिन ओरडणार आणि तिथं परत डिझेल.

मिस्त्रीकडं उभं राहून या गोष्टी बघा. क्राऊन आणि पिनियन जोडीचेच, दोन्हीवर कोरलेला नंबर एकच पाहिजे, एक जुना एक नवा कधीच नाही. बॅकलॅश (दातांमधली फट) डायल गेजवर मोजलेला पाहिजे, हातानं हलवून "बराबर आहे मालक" असं चालत नाही. दातांना रंग लावून फिरवायचा आणि छाप दाताच्या मध्यावर पडते का बघायची, टोकाला पडली तर शिम (जागा जुळवायच्या पातळ चकत्या) बदलून परत. कोलॅप्सिबल स्लीव्ह (पिनियनवरची, आवळताना दबणारी नळी) असेल तर नवीच टाका. तेल मॅन्युअलमध्ये दिलंय त्याच ग्रेडचं. पहिले पाचशे किलोमीटर हलका लोड, मध्ये थांबून हौसिंग गार होऊ द्यायचं, आणि नंतर तेल बदलायचं. ६० च्या पुढं घूं घूं आवाज आला तर "चालून चालून बसेल" यावर विश्वास ठेवू नका, तो बसत नाही, वाढतो.

फोर बाय फोरला पुढचा क्राऊन पण त्याच रेशोचा करावा लागतो, नाहीतर गाडी स्वतःशीच भांडते.

आणि क्राऊन बदलला की मीटरचा गुणक परत बदलतो का, हे मीटरचा सिग्नल कुठनं येतो त्यावर आहे. गिअरबॉक्सच्या मागनं येत असेल तर ४.१ चा ४.३ झाल्यावर मीटर पाच टक्के जोरात पळतं आणि टायरमुळं मागं राहिलेले चार टक्के जवळजवळ फिटतात, माझ्या गाडीला हिशोबानं गुणक ०.९९ आला असता. सिग्नल चाकाच्या एबीएस सेन्सरवरनं येत असेल तर क्राऊननं काहीच बदलत नाही, १.०४२ चा १.०४२ च राहतो. कुठलं आहे ते माहीत नसेल तर टेंभुर्णीच्या दिशेनं परत ५० किलोमीटर जा आणि लिहा. आमच्या गाडीत गुणक आता खडूनं डॅशबोर्डच्या आतल्या झाकणावर लिहिलाय, मामा डिझेल टाकलं की तिथंच बघून गुणाकार करतात आणि पावतीच्या मागं खरे किलोमीटर लिहून मला देतात.